काळा समुद्र, पांढरा समुद्र

रत्नागिरीला समुद्र एकच, पण त्याला नावं दोन. मांडवीकडे तो काळा समुद्र आणि मिऱ्याच्या अंगाला पांढरा समुद्र. पाणी तेच, भरती-ओहोटी तीच, फरक पायाखालच्या वाळूत. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी जड काळी खनिजं मिसळलेली आहेत, म्हणून इथली पुळण काळी दिसते. लहानपणी आम्ही बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून इथे आणायचो. वाळूतून फिरवलं की त्याला काळी मिशी फुटायची. घरी जाऊन ते कण कागदावर झटकायचे, खालून चुंबक फिरवायचं आणि कणांची मिरवणूक बघत बसायचं. पण चुंबकाला न चिकटलेली वाळू पाहावी तर तिच्यातही काळे कण असायचेच. दिसायला सारखे, तरी काही धावत यायचे आणि काही जागचे हलायचे नाहीत. दोन वेगळी खनिजं आहेत हे पुढे कॉलेजात कळलं. तोवर ते माझं खास कोडं होतं.

वाळूची निवड करायला निदान चुंबक तरी होतं. माणसाचं मन बिघडलं आहे का आणि नेमकं काय बिघडलं आहे, हे सांगणारं चुंबक अजून कोणाला सापडलेलं नाही. मधुमेहाला रक्तातली साखर मोजता येते, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. उदासीनतेसाठी, उन्मादासाठी, स्किझोफ्रेनियासाठी अशी एकही रक्ततपासणी नाही. मनोविकारतज्ज्ञ थायरॉइड तपासायला सांगतात ती शरीराचं कारण वगळण्यासाठी. खरं निदान होतं ते ऐकून, बघून, घरच्यांना विचारून आणि थोडा काळ जाऊ देऊन. मग रत्नागिरीतल्या डॉक्टरने उच्चारलेला शब्द आणि नागपुरातल्या डॉक्टरने उच्चारलेला तोच शब्द, यांचा अर्थ एकच आहे याची खात्री कोण देतं?

या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो मांडवीच्या जेटीवर. तिथे एक काका रोज संध्याकाळी गरी टाकून बसतात. माझी वही पाहून एकदा म्हणाले, "काय ओ, एवढं काय लिहिताय?"

मी म्हटलं, "मनोविकारांच्या डॉक्टरांवर लिहितोय, काका."

दोरी बोटावर तशीच ताणून धरून ते म्हणाले, "आमच्या धाकट्या भावाला होतं ना ते. बायपोलर. चार-चार रात्री झोपायचा नाही. घरातली तांब्या-पितळेची भांडी विकून आला एकदा. आधी सगळे म्हणाले, बाहेरचं आहे. देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. मग डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं."

बांगडा, सुरमई म्हणावं तितक्या सहज त्यांनी 'बायपोलर' म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा शब्द मांडवीच्या जेटीपर्यंत आला कसा?

त्याची वाट लांबची आहे. उन्माद आणि उदासीनता ही एकाच आजाराची दोन टोकं असावीत, हे १८५०च्या दशकात पॅरिसमध्ये फालरे यांनी मांडलं. १८९९ साली जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी एकेका रुग्णाची माहिती कार्डांवर टिपत, वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवत त्याला स्वतंत्र आजाराचं रूप दिलं. १९५७ साली कार्ल लेओनहार्ट यांनी नुसत्या उदासीनतेचा आजार आणि दोन्ही टोकांचा आजार वेगळे केले. तरीही हे सगळं एकेकट्या विद्वानांचं म्हणणं होतं. 'बायपोलर' हा शब्द जगभरच्या केसपेपरांवर उमटू लागला तो १९८० नंतर, कारण त्या वर्षी अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो आपल्या निदानाच्या पुस्तकात घातला. पुस्तकाचं नाव डीएसएम, तिसरी आवृत्ती. म्हणजे काकांच्या तोंडच्या शब्दावर विद्यापीठापेक्षाही संघटनेचा शिक्का ठळक आहे.

डॉक्टरांना संघटना का लागली हे कळायला आधी आमच्याच गावात मागे जावं लागेल. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी या गावात आणून नजरकैदेत ठेवलं. एकाच वर्षी एकाच गावात दोन प्रकारचे बंदिवास सुरू झाले, आणि इतिहासाच्या पुस्तकांनी त्यातला राजाचा तेवढा लक्षात ठेवला. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. खाटांची मंजूर संख्या पाहिली तर येरवड्याला २,५४०, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४० आणि आमच्याकडे ३६५. सर्वांत लहान घर आमचं. पण घाटावरच्या भावंडांना आम्हाला चिडवायला तेवढं पुरे होतं. पुण्याकडे ज्या सुरात 'येरवड्याला पाठवा' म्हणतात, त्याच सुरात आमचे कोल्हापूरचे चुलतभाऊ 'रत्नागिरीला पाठवा' म्हणायचे. गावाचं नाव असं एखाद्या म्हणण्यात अडकलं की ते सोडवायला पिढ्या जातात.

१८८६ मधल्या इथल्या डॉक्टरची कल्पना करून पाहा. हाताशी १८५८चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आहे. त्यानुसार पोलीस भटक्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करतात आणि हुकूम झाला की तो आत येतो. औषधं म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, अफू. सगळी गुंगीची. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द जन्माला यायला अजून वीसेक वर्षं आहेत. समोर एक खारवी तरुण बसला आहे, तो म्हणतो, लाटा माझ्या नावाने हाका मारतात. असाच दुसरा माणूस नागपूरच्या डॉक्टरने पाहिला आहे का, त्याचं पुढे काय झालं, कशाने उतार पडला, हे विचारायला जवळ कोणी नाही. मला वाटतं, त्या इमारतीत आजाऱ्यांइतकाच एकटा तो डॉक्टर असेल.

संघटना जन्मली ती या एकटेपणातून. इंग्लंडमध्ये १८४१ साली ग्लॉस्टरच्या सॅम्युएल हिच यांनी ठिकठिकाणच्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या डॉक्टरांना एकत्र येण्याचं आवाहन केलं, आणि आजच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्सचं मूळ तिथे रुजलं. तीन वर्षांनी, १८४४च्या ऑक्टोबरात, अमेरिकेत फिलाडेल्फियाला अशा इस्पितळांचे तेरा अधीक्षक जमले. कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. आमच्या गावऱ्हाटीत बारा-पाचाचे मानकरी जमतात, तसे हे तेरा मानकरी. त्यांचीच पुढे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशन झाली.

या तेरा जणांचा पहिला ठराव मी वाचला तेव्हा सुन्न झालो. इंग्लंडमध्ये जॉन कॉनली यांनी १८३९ पासून हॅनवेलच्या प्रचंड इस्पितळात साखळ्या, पट्टे, खुर्चीला जखडणं हे सगळं बंद करून दाखवलं होतं. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या सभेने एकमताने ठरवलं की बांधून ठेवण्याची साधनं पूर्णपणे टाकून देणं रुग्णांच्या हिताचं नाही. एकमताने! तेरा सज्जन, अनुभवी, रुग्णांची कळकळ असलेली माणसं, आणि पहिलाच निर्णय हा. संघटनेचं सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही त्या एका ठरावात आहेत. एकट्याची चूक त्याच्या इस्पितळापुरती राहते, तेराजणांची चूक नियम होऊन बसते.

हिंदुस्थानात ही हालचाल आधी कलकत्त्यात दिसते. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली तिथे इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी स्थापन केली. बोस व्हिएन्नाला फ्रॉइडना पत्रं लिहीत होते, आणि तुमचं सगळंच मला पटत नाही असंही कळवत होते. १९३९ साली इंग्लंडच्या संघटनेची हिंदुस्थानी शाखा निघाली. मग १९४७च्या जानेवारीत दिल्लीला इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी उभी राहिली. स्वातंत्र्याला अजून सात महिने होते. आदल्याच वर्षी आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालाने देशातल्या मनोरुग्णालयांची दैना कागदावर आणली होती. सगळ्या अखंड हिंदुस्थानात मिळून अशा खाटा दहा हजारांच्या आसपास.

नव्या सोसायटीने पहिल्या काही वर्षांत जे केलं त्याचं मला फार अप्रूप वाटतं. सभासद मूठभर, बहुतेक सरकारी नोकर. त्यांनी कायद्यालाच हात घातला. १९१२चा इंडियन ल्युनसी ॲक्ट तेव्हा चालू होता. त्या कायद्याच्या भाषेत आजारी माणूस हा समाजाला असलेला धोका होता. सोसायटीने १९५० साली नव्या कायद्याचा मसुदा स्वतः लिहिला आणि सरकारला दिला. संसदेने मेंटल हेल्थ ॲक्ट मंजूर केला १९८७ साली. अंमल सुरू झाला १ एप्रिल १९९३ला. मसुद्यापासून अंमलापर्यंत त्रेचाळीस वर्षं! ज्यांनी तो लिहिला त्यांतले किती जण तोवर हयात होते कोणास ठाऊक. पण माणसं गेली तरी मागणी गेली नाही, वर्षागणिक अधिवेशनात ती पुन्हा मांडली जात राहिली. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारं काम करायला सोसायटी लागते.

आता पुन्हा त्या नावांच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी नवलाई तिथे आहे.

१९६०च्या दशकात एक गोष्ट डॉक्टरांना खटकू लागली. न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण भरपूर आणि लंडनमध्ये त्यामानाने कमी. उलट उन्माद-उदासीनतेचे लंडनला जास्त. माणसं वेगळी की डॉक्टर वेगळे? दोन्ही देशांच्या संशोधकांनी मिळून याचा छडा लावला. रुग्णांच्या मुलाखती चित्रित केल्या आणि तीच चित्रफीत दोन्हीकडच्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवून निदान लिहायला सांगितलं. काही रुग्णांच्या बाबतीत मतं जुळली. पण एका रुग्णाला बहुतेक अमेरिकन डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं आणि इंग्लिश डॉक्टरांपैकी जवळपास कोणीच म्हटलं नाही. पडद्यावर माणूस एकच, त्याचे शब्द तेच, हुंदका तोच. मांडवीच्या बाजूने आलेल्याने काळा समुद्र म्हणावं आणि मिऱ्याच्या बाजूने आलेल्याने पांढरा, तसं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर खळबळ उडाली. निदान बदललं की औषध बदलतं, औषध बदललं की आयुष्य बदलतं. यावर तोडगा म्हणून अमेरिकन संघटनेने रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली डीएसएमची तिसरी आवृत्ती घडवली. 'रुग्णाचं अंतरंग असं असं वाटतं' अशा वर्णनांऐवजी तिच्यात निकष आले: यांतली इतकी लक्षणं, इतके दिवस, आणि रोजच्या व्यवहारात इतकी अडचण. काकांच्या भावाला ज्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं त्यांनी 'चार रात्री झोप नाही', 'पैसे उधळतो', 'बोलणं थांबत नाही' हे बोटांवर मोजलं असणार, आणि ते मोजणं या समित्यांतून आलेलं आहे.

या पुस्तकाच्या पुढच्या कहाणीत एक मराठी माणूस आहे. डॉ. दिलीप जेस्ते. पुण्यात वैद्यकीचं शिक्षण, मुंबईच्या केईएममध्ये मनोविकारशास्त्राचे धडे. तिथे डॉ. एन. एस. वाहिया पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर तपासून पाहत होते, आणि तरुण जेस्ते त्या कामात होते. पुढे ते अमेरिकेला गेले, आणि २०१२-१३ साली, तेरा मानकऱ्यांपासून सुरू झालेल्या त्या संघटनेचे अध्यक्ष झाले. आशियाई वंशाचा माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला. त्यांच्या अध्यक्षपदाच्या अखेरीस, मे २०१३ मध्ये, डीएसएमची पाचवी आवृत्ती बाहेर पडली. जेस्ते यांच्या संशोधनाचा आवडता विषय म्हातारपण आणि शहाणपण. भगवद्गीतेतली शहाणपणाची कल्पना आणि आजच्या शास्त्राची कल्पना शेजारी ठेवून त्यांनी शोधनिबंध लिहिला आहे. केईएमच्या ओपीडीत शिकलेल्या माणसाच्या कारकिर्दीत जगाने वापरायचा आजारांचा कोश निघावा, याचा मला अभिमान वाटतो.

पण त्या कोशाची परीक्षाही त्याच संघटनेने घेतली, आणि निकाल लपवला नाही. दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलं तर निदान कितपत जुळतं, हे 'कॅपा' नावाच्या आकड्याने मोजतात. योगायोगाने जितकं जुळेल तितकंच जुळलं तर ०, पूर्ण जुळलं तर १. पाचव्या आवृत्तीच्या चाचण्यांत मोठ्या आघातानंतरच्या तणावविकाराला ०.६७ मिळाले, स्किझोफ्रेनियाला ०.४६, आणि उदासीनतेला, म्हणजे दवाखान्यात रोज दिसणाऱ्या आजाराला, अवघे ०.२८. काही जण हा आकडा दाखवून म्हणतात की बघा, हे शास्त्रच नाही. मला नेमकं उलट वाटतं. आपली मोजपट्टी कुठे वाकडी आहे हे चारचौघांत मोजून छापायला धैर्य लागतं.

काकांनी सांगितलेला कौल माझ्या डोक्यातून जात नव्हता. कोकणातल्या देवळात मूर्तीला फुलं किंवा तांदूळ लावतात, प्रश्न विचारतात आणि उजवं पडतं की डावं यावर निर्णय घेतात. मनोविकारशास्त्रानेही एकदा कौल लावला होता. डीएसएमच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत समलिंगी आकर्षण हा विकार म्हणून नोंदलेला होता. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर आणि संशोधनाच्या फेरतपासणीनंतर १९७३च्या डिसेंबरात अमेरिकन संघटनेच्या विश्वस्तांनी तो वगळला. विरोधकांनी सर्व सभासदांचं मतदान मागितलं. १९७४ साली मतं पडली: वगळण्याच्या बाजूने ५,८५४, विरोधात ३,८१०. लाखो माणसं आदल्या रात्री रोगी म्हणून झोपली होती, ती निरोगी म्हणून उठली, आणि त्यांच्या मेंदूत तसूभरही काही बदललं नव्हतं.

हे वाचून आधी हसू येतं, मग भीती वाटते. मग त्याचं मोल कळतं. नोंद पुस्तकात शिरली होती तीही माणसांच्या मतानेच, फक्त ते मत कोणी मोजलं नव्हतं. आपल्याकडे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने हे आकर्षण आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं, २०१८च्या मध्याला तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अजित भिडे यांनी ते पुन्हा ठामपणे मांडलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७चा भाग रद्द केला. निर्णय न्यायालयाचा, श्रेय लढणाऱ्या माणसांचं. पण 'हे रोगी आहेत' हा आधार डॉक्टरांनीच काढून घेतल्यावर दुसऱ्या बाजूच्या पायाखालची वाळू सरकली होती.

कोकणात 'वाळीत टाकणं' हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. किती घरं त्याने उद्ध्वस्त झाली. तरी एका प्रसंगी मला तो शब्द योग्य जागी पडलेला दिसतो. सोव्हिएत युनियनमध्ये सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'सुस्त स्किझोफ्रेनिया' असं नाव देऊन इस्पितळांत कोंडत असत. बाहेरच्या जगात फारसं कुठे न चालणारं निदान. जागतिक मनोविकार संघटनेने १९७७ साली होनोलुलूच्या परिषदेत या प्रकाराचा निषेध केला, आणि त्याच परिषदेत मनोविकारतज्ज्ञांच्या वर्तनाची आचारसंहिताही मंजूर केली. १९८३ साली हकालपट्टी समोर दिसू लागताच सोव्हिएत संघटनेने स्वतःच राजीनामा दिला. १९८९ साली अथेन्सला, गैरवापर झाल्याचं कबूल केल्यावर, तिला अटींवर परत घेतलं. शस्त्र नाही, सैन्य नाही, फक्त व्यवसायबंधूंनी पाठ फिरवली, आणि महासत्तेला उत्तर द्यावं लागलं.

आपल्या सोसायटीचं सगळंच मला पटतं असं नाही. २०१७चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २९ मे २०१८ला लागू झाला. आजारी माणसाला आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा हक्क, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क, आरोग्यविम्यात बरोबरी, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेच्या झटक्यांचा उपचार करायला बंदी, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरणं, असं बरंच त्यात आलं. संघटनेतून या कायद्यावर टीकाही झाली की कागदपत्रं फार, आणि भारतात रुग्णाला सांभाळणाऱ्या कुटुंबाचं स्थान त्यात कमी झालं. कुटुंबाबद्दलचं म्हणणं विचार करायला लावतं. पण कागदपत्रांच्या तक्रारीच्या वेळी मला १८५८ आणि १९१२ आठवतात. तेव्हा माणसाला आत घालायला एक हुकूम पुरे होता. आज चार कागद जास्त लागत असतील तर लागू देत.

डॉक्टरांच्या संघटनेत रुग्णाची आई बसलेली नसते, हा तिचा जुना दोष आहे. तो भरून काढणारं काम महाराष्ट्रात झालं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियासोबत वर्षानुवर्षं जगले, आणि तो अनुभव घेऊन त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्ण आणि घरचे स्वमदत गटांत एकमेकांशी बोलतात. गोळी कोणत्या वेळी दिली की सकाळी डोकं जड होत नाही, लग्नाच्या स्थळाला काय सांगायचं, असे प्रश्न कुठल्या निदानपुस्तकात नसतात. वाणी यांच्याच पाठबळाने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला, २००४ साली. त्यात अतुल कुलकर्णींनी रंगवलेल्या शेषच्या मनात कोकणातली देवराई घर करून असते. राखलेलं रान आणि राखायला हवं असलेलं मन अशी जोडी मराठी पडद्यावर त्याआधी मी पाहिली नव्हती.

काकांच्या भावाला लिथियम चालू आहे. या औषधाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ती मिठाची आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने इस्पितळातल्या वापरात नसलेल्या कोठीघरात, जवळजवळ एकट्याने, लिथियमचे क्षार उन्माद शमवतात हे शोधलं. पण मात्रा जरा चढली की विषबाधा. केड स्वतःच मागे सरले. पुढची दोन दशकं मेलबर्नच्या प्रयोगशाळेत रक्तातलं प्रमाण मोजणारे, डेन्मार्कमध्ये काटेकोर चाचण्या घेणारे मोगेन्स शोऊ, आणि अनुभव एकमेकांना कळवणारे असंख्य डॉक्टर यांच्या हातून त्या धोक्याला बांध पडला. एका टोकाला निरुपयोगी, दुसऱ्या टोकाला विष. मधली वाट लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट एवढीच. शोध एकट्याने लावला, पण तो घराघरांत निर्धोक नेऊन पोचवला तो मेळाव्यांनी, नियतकालिकांनी आणि मार्गदर्शक सूचनांनी.

आणि शरीरात काय घडतं ते पाहा. मूत्रपिंडाला लिथियम आणि मिठातलं सोडियम जवळपास सारखंच भासतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. मे महिन्याच्या घामाने, जुलाबाने किंवा निर्जळी उपासाने रक्तातलं लिथियम चढू शकतं. गोळी तीच, माणूस तोच, तरी हात कापायला लागतात. ही सूचना सोसायटीच्या मार्गदर्शिकांतून, अधिवेशनांतल्या व्याख्यानांतून, नियतकालिकांतून झिरपत डॉक्टरीणबाईंपर्यंत आली, आणि त्यांनी काकांच्या भावजयीला एका वाक्यात सांगितली: "उपास बंद, आणि पेज पिताना मीठ चुकवायचं नाही." समुद्रकाठच्या घरात एक माणूस शांत झोपतो, त्यात चिमूटभर मिठाचा वाटा आहे.

अलीकडे हे मानकरी कशावर बसले? दुःखावर. जवळचं माणूस गेल्यावरचा शोक कधी आजार होतो? २०२२ साली डीएसएमच्या सुधारित आवृत्तीत 'लांबलेला शोक' हा विकार नव्याने आला. मोठ्या माणसासाठी अट अशी की मृत्यूला किमान बारा महिने झालेले असावेत, आणि तरीही जवळजवळ रोज तीव्र ओढ असावी, जगणं अडून राहिलेलं असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीने तीच मुदत सहा महिने धरली आहे. दोन समित्या, दोन घड्याळं. आमच्याकडे तेरावं असतं, मासिक श्राद्धं असतात, आणि मग वर्षश्राद्ध. कोणा समितीने न बसता आमच्या आज्या-पणज्यांनी बारा महिने ठरवून टाकले होते. दोन्ही पुस्तकांच्या निकषांतच एक अट आहे की शोक त्या माणसाच्या समाजाच्या आणि धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असला पाहिजे. म्हणजे मांडवीतल्या बाईचं निदान करायला मांडवीची रीत ठाऊक असणं ही त्या पुस्तकाचीच अट आहे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बाहेर बघत बसलो.

हे सगळं काकांना सांगायचा मी प्रयत्न केला. ते गरीकडे बघत ऐकत होते.

"म्हणजे मुदत टळली की आजारी?" त्यांनी विचारलं.

"नुसती मुदत नाही ओ. बाकीचंही बघतात."

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा होडीवरून परत आले नाहीत तेव्हा आई दोन वर्षं संध्याकाळची इथे येऊन बसायची. याच दगडावर. ती आजारी होती काय?"

"घरात वावरायची? जेवायची?"

"जेवायची तर. सकाळी बाजारात मासळी घेऊन बसायची, आमची फी भरायची. संध्याकाळ झाली की इथे."

"डॉक्टरही हेच विचारतील, काका."

त्यांनी मान हलवली आणि दोरी ओढून घेतली. गळाचं आमिष कोणीतरी खाऊन गेलं होतं. पिशवीतून कोळंबीचा नवा तुकडा काढून त्यांनी तो गळाला नीट लावला आणि पुन्हा काळ्या समुद्रात सोडला.